मामाचा तारपा: आधी रेकॉर्डिंग करू की आधी शिकायला बसू?

पाड्यावरचा

नमस्कार मंडळी. जव्हार तालुक्यातला आमचा पाडा, आम्ही वारली. मी बोईसरला एमआयडीसीत पाळ्यांमध्ये कामाला आहे. दोन सुट्ट्या सलग आल्या की घाट चढून घरी.

माझा मामा तारपा वाजवतो, म्हणजे भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचं आमचं फुंकून वाजवायचं वाद्य. पाड्यात आता तो एकटाच. पलीकडच्या पाड्यात एक म्हातारे होते, ते वारले आणि त्यांचा तारपा मुलानं एका रिसॉर्टवाल्याला भिंतीवर टांगायला विकला. त्याला तरी काय बोलणार? घरात वाजवणारं कुणी नसेल तर आढ्याला टांगून किती वर्षं सांभाळायचा, उंदीर आधी भोपळ्यालाच लागतात.

आमच्याकडे नवं पीक खाऊन झालं की तारपा निघायचा तो दिवाळीपर्यंत. रात्र रात्र नाच चालायचा. दिवाळी झाली की निम्मा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातो, म्हणजे सगळे एकत्र असायचे ते तेवढेच दिवस. आता गणपतीत डीजे, लग्नात डीजे आणि दिवाळीआधीच्या वाघबारशीलासुद्धा पोरं स्पीकर आणतात. गेल्या वाघबारशीला मामा उभा राहिला तर फेरात सगळे चाळिशीच्या पुढचे. मधेच कुणीतरी स्पीकर चालू केला. मामा भांडला नाही. तारपा खांद्यावर टाकला आणि घरी गेला.

आता गोष्टी एकदम अंगावर आल्यात. मुंबईचा एक यूट्यूबवाला येऊन गेला. म्हणतो, तुमच्या सगळ्या चाली शूट करून चॅनेलवर टाकतो, कायमचं जतन होईल. सहीसाठी एक कागद देऊन गेलाय, इंग्रजीत. मामा अंगठा लावायला तयारच बसलाय. दुसरीकडे रिसॉर्टवाले शनिवारी बोलावतात. दहा मिनिटं वाजवायचं, पाहुणे फेर धरतात, फोटो काढतात. पैसे बरे देतात. पण त्यांना आत्ता मे महिन्यातही तारपा हवाय. मामाला ते पटत नाही, मामीला पैसे पटतात.

आणि मला शिकायचंय. वय तीस. मामा म्हणतो आधी वारा धरायला शीक. नाकानं घ्यायचा, गालातून सोडायचा, मधे तुटू द्यायचा नाही. म्हणून पपईच्या पानाची नळी पाण्याच्या ग्लासात घालून बुडबुडे काढत बसतो. कंपनीच्या कँटीनमध्येही. पोरं हसतात, हसू देत.

मामाला हल्ली दम लागतो. सुरुवात कशापासून करू?

सदाशिव_पेठी

तळमळ समजली दादा, पण सगळंच टिकवलं पाहिजे असं कुठं आहे? आमच्याकडे सकाळी वासुदेव यायचा, आता येत नाही, चाललंय आमचं. एखाद्या साउंडवाल्याकडून तारप्याचे सगळे सूर सॅम्पल करून घ्या. कीबोर्डवर वाजतील. डीजेवालाच तारपा लावेल, विषय संपला.

पाड्यावरचा

डीजेवाला आत्ताही लावतो. तारप्याचे रिमिक्स ढिगानं आहेत आणि पोरं त्यावर नाचतात, मीही नाचलोय. पण स्पीकर नाचणाऱ्याकडे बघत नाही. मामा बघतो. फेरातली बाई दमली की चाल उतरवतो, पोरं पेंगायला लागली की जोराची घेतो. तो कुठल्या बाजूला वळला त्यावर फेर वळतो. कीबोर्डवर हे कोण करणार?

भोपळवेल

मी विक्रमगडकडचा. वाजवतो थोडं, बनवतो जास्त. तुमचा प्रश्न वाचला. रेकॉर्डिंगही नंतर आणि शिकणंही नंतर. पावसाला किती दिवस राहिलेत ते बघा आणि भोपळा लावा.

थट्टा करत नाही. मामाच्या तारप्याचा भोपळा किती जुना आहे ते विचारा. तो फुटला तर दुसरा कुठून आणणार? बाजारातल्या दुधीच्या बियांचा उपयोग नाही. तो कोवळा खायचा भोपळा, साल पातळ, वाळला की चेपतो नाहीतर तडकतो. आपल्याला कडू जात लागते, जाड सालीची. बी म्हाताऱ्या बायकांकडे असतं, राखेत घालून ठेवलेलं. मामीला विचारा, मामाला ठाऊक नसेल. पहिल्या पावसाला लावायचा, वेल मांडवावर चढवायचा आणि फळाला हात लावायचा नाही. वेल सुकून जाईपर्यंत ते वेलीवरच राहू द्यायचं. नखानं टकटक केल्यावर पोकळ बोललं पाहिजे. मग भोक पाडून आतला गर आणि बिया काढायच्या. दहा फळं धरली तर कामाची दोन निघतात, बाकी कुठं वाकडी, कुठं चिरलेली.

पुढच्या बांबूच्या नळ्या आणि तोंडाचा ताडाच्या पानांचा कर्णा हे कष्टाचं काम आहे, पण डोळ्यानं बघून जमतं. खरी मेख जिभेत. भोपळ्याच्या आत दोन नळ्यांच्या टोकाला दोन जिभा असतात, त्या बाहेरून दिसत नाहीत, म्हणून व्हिडिओतही येत नाहीत. पेन्सिलीएवढी बारीक बांबूची काडी घ्यायची, एक टोक बंद. धारदार सुरीनं तिच्या अंगावर एक पातळ पट्टी उचलायची, पण तोडायची नाही, एका बाजूला धरून ठेवायची. तीच जीभ. चिकटून बसली तर खाली केस सरकवायचा. आवाज वर गेला तर टोकावर मोहरीएवढं मेण लावायचं, की खाली येतो. जास्त झालं की नखानं खरवडायचं. दोन जिभा एकमेकींशी भांडत असतात, त्यांचं भांडण मिटेपर्यंत मेण लावत-काढत बसायचं. कधी तासात मिटतं, कधी दुसऱ्या दिवशी. मेण पोळ्याचंच घ्या. दुकानातली मेणबत्ती वापरलेले तारपे माझ्याकडे दुरुस्तीला येतात, थंडीत ते मेण तडकून सुटलेलं असतं.

यावरून रिसॉर्टवाल्यालाही उत्तर सांगता येईल. मे महिन्यात मेण मऊ पडतं, सूर उतरतो, सांधे गळतात. देवाधर्माचं त्याला कळत नसेल तर हे कळेल.

शिकायचं म्हणाल तर एकटे बसू नका. दोन पोरं, दोन पोरी बरोबर घ्या, वाजवायला नव्हे, नाचायला. मामानं एक चाल धरावी आणि तुम्ही आधी फेरात नाचावं. कमरेला हात, तारप्याकडे पाठ करायची नाही, पुढचा काठी आपटेल तसा पाय. कुठल्या चालीवर कुठला पाय पडतो हे अंगात नसेल तर बोटांना घाई कधी करायची ते कळत नाही. मी बघितलेत असे वाजवणारे. सूर सगळे बरोबर, आणि फेर जागेवर उभा.

आता डीजे. भांडू नका, मामानं केलं ते शहाणपणाचं. पण पोरांशी सौदा करा. दहाला स्पीकर कायद्यानं बंद करावाच लागतो. दहापर्यंत तुमचं, दहानंतर आमचं. तारपा तसाही रात्री चढतो. आमच्याकडे हेच केलं. पहिल्या वर्षी दहानंतर निम्मी पोरं मोबाईल घेऊन कट्ट्यावर बसली. पण घरी गेली नाहीत. दोघी-तिघी पोरी आल्या फेरात, मग त्यांच्या मागून बाकीचे, कशासाठी ते सांगायला नको.

वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, त्याआधी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार होताच. दहा फुटी तारपा केलेला माणूस. तुमच्याच तालुक्यातले. त्या बातमीनंतर माझ्याकडे पोरं विचारत आली की एक तारपा केवढ्याला? मी म्हटलं, बी फुकट देतो. परत कोण आलं नाही.

थाळसर

भोपळवेलदादांच्या पोस्टनंतर माझं काम सोपं झालं. मी नाशिकची, ध्वनिमुद्रण करते. सुरगाणा-पेठ भागात कोकणा लोकांमध्ये थाळगान रेकॉर्ड करत हिंडते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: काशाची थाळी, तिच्यात मेणाच्या गोळीत उभी रोवलेली एक काडी. बोटांच्या चिमटीत काडी धरून वरून खाली ओढत राहायचं. थाळी एकसंध गुंजत राहते आणि त्या गुंजेवर कथेकरी रात्रभर कणसरीची कथा सांगतो. कणसरी म्हणजे धान्याची देवी.

हे सांगायचं कारण म्हणजे फोन. फोनला अशी अखंड गुंज पंख्याचा आवाज वाटते आणि तो ती पुसून टाकतो. तारप्याचंही तेच होतं, दुसऱ्या नळीचा धरलेला सूर गायब आणि वरची चाल तेवढी उरते. वर आवाज मोठा म्हणून फोन आपोआप दाबतो. म्हणजे व्हिडिओत जे ऐकू येतं तो तारपा नसतोच. एखादा साधा हातातला रेकॉर्डर भाड्यानं घ्या, वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आवाजाची पातळी हातानं लावा. मामाच्या तोंडासमोर माइक धरू नका. दोन-तीन मीटर बाजूला, फेराच्या काठावर, पायांचा आवाज आला पाहिजे. गोंगाट येऊ द्या. खोकला, हाका, कुत्रं, सगळं.

त्याशिवाय दिवसा उजेडात वेगळं एक करा: मामाची बोटं जवळून, एकेक चाल सावकाश. आणि भोपळ्याच्या आतल्या जिभा काढून, मेण लावताना. हे कुठलाही चॅनेल शूट करत नाही, कारण ते बघायला कंटाळवाणं आहे. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला मामाच्या तोंडून बोलवून घ्या, ही कुठली चाल, कधी वाजवतात, कुणाकडून घेतली. कागदावर लिहिलेलं हरवतं.

तो इंग्रजी कागद. अंगठा अजिबात नाही. आधी मराठीत मागा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ३८ व्या कलमाखाली कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे, ५० वर्षांचा. अशा कागदांवर बहुतेक वेळा तोच हक्क "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांसाठी" लिहून घेतलेला असतो. कागदात एवढं असू द्या: हेच चित्रीकरण, याच चॅनेलवर, दुसऱ्याला विकायचं नाही, मूळ फाईलची प्रत मामाला, आणि पैसे आले तर वाटा. आणि सगळं सगळ्यांना ऐकवायचं नसतंही. थाळगान दिवसकार्याला पण होतं, तिथलं मी घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुणालाही देत नाही. मामाला विचारा, कुठली चाल बाहेर जाऊ द्यायची नाही. तो लगेच सांगेल बघा.

सदाशिव_पेठी

वारली चित्रांना जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय ना? मग तारप्याची चोरी कोण करणार?

थाळसर

२०१४ चा तो टॅग चित्रांचा आहे. साडीवर, कपावर, मेट्रोच्या भिंतीवर तारपा वाजवणारा माणूस काढलेला असतो ना, तो त्यात येतो. त्या चित्रातून आवाज येत नाही.

कुडाळकर

मी सिंधुदुर्गातला. इकडे घाटाच्या पायथ्याला पिंगुळीत ठाकर समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्या गोठ्यात संग्रहालय केलं, २०२१ ला पद्मश्री मिळाली. एकेकाळी सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता या लोकांना, नवरात्रात देवळातून कथा ठरलेल्या. राजाश्रय गेला आणि पोटाचं काय हा प्रश्न आला. म्हणून मी मामीच्या बाजूनं आहे. रिसॉर्टच्या पैशाला नाकं मुरडणारे बहुतेक महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे असतात.

फक्त एक बघितलंय. पाहुण्यांसाठी खेळ लहान करावा लागतो, त्याला इलाज नाही. पण लहान केलेलाच खेळ मुलं शिकली की मोठा कुणालाच येत नाही. चित्रकथीचं एकेक चित्र समोर धरत, वीणा-टाळ-हुडुकावर सांगायची ती कथा तासन् तास चालते. पर्यटक बसतो अर्धा तास. शिकणाऱ्याला अर्ध्या तासाचंच पाठ झालं तर बाकीची चित्रं गाठोड्यातून बाहेरच येत नाहीत. तेव्हा शनिवारी मामा जाऊ दे, तुम्ही त्याच्याबरोबर जाऊ नका. तुम्ही पाड्यातलं लांबलचक शिका.

फायलीवाला

जिल्हा परिषदेत बाबू होतो, आता निवृत्त. कामाचं तेवढं लिहितो.

मामा पन्नाशीच्या पुढचे आहेत, तर राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत अर्ज करा. २०२४ पासून महिना ५,००० रुपये. पंधरा वर्षं कलेत असल्याचे पुरावे मागतात आणि तिथंच आदिवासी कलाकाराचं घोडं अडतं, कारण खळ्यावर वाजवल्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. रिसॉर्टवाल्याकडून लेटरहेडवर पत्र घ्या. शाळेत, यात्रेत वाजवलं असेल तिथलं पत्र घ्या. फोटो, कात्रणं, जे असेल ते. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ जातो, तो आधी काढा.

शिकण्यासाठी उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, महाराष्ट्र दोन्हीत येतो. त्यांची गुरु-शिष्य परंपरा योजना आहे: गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५०, शिष्याला १,५००. मी फाईल पाहिली तेव्हाचे आकडे आहेत, वाढले असतील तर चांगलंच. शिष्य चार मिळाले तर चारही घाला.

भोपळवेल यांना एक दुरुस्ती. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते ६ नुसता लाउडस्पीकरच नाही, उघड्यावरची वाद्यंही येतात. वर्षातले ठराविक सणाचे दिवस १२ पर्यंत सूट मिळते, ते दिवस दरवर्षी जाहीर होतात. पाड्यात कुणी तक्रार करणार नाही, पण रिसॉर्ट जवळ असेल तर करेल. पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा.

आणि यूट्यूबवाल्यासाठी सर्वांत बिनखर्चाचं: तुमचा भाग पेसात, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्यात, येतो. १९९६ च्या त्या कायद्यात आपल्या प्रथा-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. पाड्यात शूटिंग करायचं तर आधी ग्रामसभेला विचारायचं, असा ठराव करून घ्या. कोरम भरवा, सह्या-अंगठे घ्या, एक प्रत स्वतःजवळ ठेवा. ग्रामसेवक वही "ऑफिसात आहे" म्हणेल, फोटो काढून ठेवा.

भोपळवेल

दुरुस्ती मान्य. आमच्या पोलीस पाटलाचा भाऊच फेरात पुढं काठी धरतो, म्हणून आठवण झाली नाही.

पाड्यावरचा

सगळ्यांना धन्यवाद. या सुट्टीत घरी जाऊन आलो.

यूट्यूबवाल्याला मराठीत कागद मागितला. "पाठवतो" म्हणाला, अजून आलेला नाही. मामाला विचारलं की कुठल्या चाली बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. त्यानं बोटावर मोजून लगेच सांगितल्या, जणू कुणीतरी विचारायची वाटच बघत होता. त्या मी इथं लिहीत नाही. मानधनाच्या अर्जाला मामी माझ्याआधी तयार, तिनं मामाचं आधार कार्ड काढून ठेवलंय. रिसॉर्टला मेणाचं कारण सांगितलं तर मॅनेजर म्हणाला एसी हॉलमध्ये वाजवा. मामा हसला. पावसाळ्यानंतर येतो म्हणून सांगितलं.

पोरांशी बोललो. मंडळाच्या अध्यक्षाचं म्हणणं, दहा नाही, साडेनऊला बंद करतो पण स्पीकरचं भाडं पूर्ण रात्रीचं असतं, त्यातला वाटा तुम्ही द्या. देणार आहे. बहीण आणि तिच्या दोन मैत्रिणी फेरात यायला तयार आहेत, अट एकच, शिकताना कुणी व्हिडिओ काढायचा नाही.

बी मात्र मामीकडे नव्हतं. खालच्या पाड्यातल्या एका आजींकडे मिळालं, मूठभर. खरंच राखेत होतं. आजी म्हणाल्या जुनं आहे, उगवेल तेवढं उगवेल. भोपळवेलदादा, सगळं एकदम लावू का? आणि आमच्याकडे माकडांचा फार त्रास आहे, मांडवावर काही राहू देत नाहीत.

भोपळवेल

सगळं लावू नका. निम्मं लावा, निम्मं राखेत परत. जुनं बी असेल तर रात्रभर पाण्यात घाला, तरंगेल ते टाका. दोन-तीन आळी पुरेत, एका आळ्यात तीन-चार बिया. फळ धरलं की मांडवातून खाली लोंबू द्या, जमिनीला टेकलं तर पोट चपटं होतं. मान वाकायला लागली तर फळ कोवळं असतानाच दोरीनं सरळ बांधून घ्या, मोठं झाल्यावर ऐकत नाही.

माकडांची काळजी करू नका. कडू आहे, एकदाच चावतात. पहिली दोन-चार फळं जातील तेवढी धरून चाला. पौषात उतरवाल तेव्हा मला कळवा, जिभा करायला मी येतो. येताना पोळ्याचं मेण आणीन, तुम्ही बांबू बघून ठेवा. बारीक, जुना आणि लांब पेराचा.